काढलेली स्टेपनी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी साताऱ्याहून पुण्याला शिकायला आली. राहायची खोली कर्वेनगरला, कॉलेज विमाननगरला आणि संध्याकाळी कोथरूडमध्ये दोन मुलांची शिकवणी. बसने जाण्यायेण्यात तिचा अर्धा दिवस मोडायचा. शेवटी बहिणीचा फोन आला, "दादा, पोरगी स्कूटर मागतेय. आमची ऐपत तुला ठाऊक आहे. तू बघून दे."

दुसऱ्या दिवशी भाची मोबाइलवर फोटो घेऊनच आली. काळी गाडी, लाल पट्टे, पुढे टोकदार नाक आणि मागे रेसच्या मोटरसायकलसारखं वर गेलेलं शेपूट. "मामा, अशीच हवी." सगळे मामा म्हणतात तेच मीही म्हटलं, "दिसण्यावर जाऊ नकोस, वापरावर जा." ती शांतपणे म्हणाली, "रोज मीच चालवणार आहे ना? मग मला आवडायला नको?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण वेगवान दिसणाऱ्या स्कूटरचा सोस मी स्वतः केला आहे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली आहे. ती गोष्ट सांगतोच. पण त्याआधी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण हा सोस आजच्या मुलांचा नाही. तो स्कूटरइतकाच जुना आहे.

आपण ज्या घडणीची स्कूटर ओळखतो, ती १९४६ साली इटलीतल्या पोन्तेदेरा गावी जन्मली. पिआज्जिओ ही विमानं बनवणारी कंपनी. महायुद्धात कारखाना बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झाला आणि युद्ध संपल्यावर विमानांचं कामही उरलं नाही. लोकांना हवं होतं स्वस्त वाहन. मालक एन्रिको पिआज्जिओ यांनी हे काम कोर्रादिनो दास्कानिओ या अभियंत्याकडे सोपवलं. हा माणूस हेलिकॉप्टर रचणारा. त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. साखळीचं तेल कपड्यांना लागतं, टांग टाकून बसावं लागतं आणि पंक्चर झालं तर चाक काढता काढता जीव जातो, अशा त्याच्या तक्रारी होत्या.

म्हणून त्याने इंजिन मागच्या चाकापाशी झाकणाखाली नेलं, गिअर हातात दिला, पुढे चिखल अडवणारा पत्रा लावला आणि मध्ये पाय ठेवायला मोकळी जागा सोडली. विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, म्हणजे ते चटकन काढता यावं. मागून फुगीर आणि कमरेत बारीक असलेलं ते यंत्र पाहून मालकांना गांधीलमाशी आठवली. इटालियन भाषेत गांधीलमाशीला व्हेस्पा म्हणतात. पुढच्याच वर्षी मिलानच्या इनोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा आणली.

ही वाहनं कामावर जाणाऱ्या गृहस्थांसाठी होती. पण गृहस्थांची मुलंही मोठी होत होती. त्यांच्यासाठी १९६३ साली ५० सीसीची छोटी व्हेस्पा निघाली. तिला त्या वेळच्या इटलीत लायसन्स लागत नसे. आणि १९६५ साली आली व्हेस्पा ९० सुपर स्प्रिंट. इंजिन जेमतेम ९० सीसीचं. पण हँडल अरुंद, आणि सीट व हँडलच्या मध्ये रेसच्या मोटरसायकलला असते तशी पेट्रोलची टाकी. वर छाती टेकवायला गादी, म्हणजे स्वार वाकून बसला की शर्यतीतलाच वाटावा.

गंमत अशी, की ती टाकी नव्हतीच! तो टाकीच्या आकाराचा हत्यारांचा डबा होता. आणि त्याच्या खाली उभं ठेवलेलं असायचं जादा चाक, आपल्या भाषेत स्टेपनी. म्हणजे साठ वर्षांपूर्वीही मोठं इंजिन न परवडणाऱ्या तरुणाला कारखाना मोठ्या इंजिनाचा चेहरा विकत होता. पण देखाव्याच्या पोटात त्यांनी पान्हे ठेवले होते आणि स्टेपनी ठेवली होती. मी नेमकं उलटं केलं.

आपल्याकडे बजाज कंपनीला १९५९ साली दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला आणि पिआज्जिओच्या सहकार्याने व्हेस्पा पुण्यात तयार होऊ लागली. १९७१ साली तो करार संपला, १९७२ साली चेतक आली. १९७५ साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही सरकारी महामंडळ आणि बजाज यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली. तिची स्कूटर म्हणजे प्रिया. किती गाड्या बनवायच्या हे परवान्याने ठरे, त्यामुळे मागणी कितीही असली तरी माणूस नंबर लावून वर्षानुवर्षं थांबे. लग्नाच्या बोलणीत स्कूटरच्या नंबराचा उल्लेख होत असे. नंबर लागलेली गाडी जादा पैसे घेऊन परस्पर विकणारेही होते.

आमच्या वडिलांनी, अण्णांनी, अशीच सहा वर्षं वाट पाहिली. ते शाळामास्तर. गाडी आली त्या दिवशी आईने तिला हळदकुंकू लावलं आणि अण्णांनी फिटरला घरी बोलावून मला स्टेपनी बदलायला शिकवली. या स्कूटरची पुढची-मागची चाकं सारखीच. पाच नट सैल केले की जुनं चाक निघतं आणि नवं बसतं. दहा मिनिटांचं काम. दास्कानिओने मोटरसायकलवर काढलेला राग आमच्या अंगणापर्यंत असा पोचला होता.

१९८४ साली मी अठरा वर्षांचा होतो. मित्रांपैकी एकाकडे मोटरसायकल होती. तिच्यापुढे आमची प्रिया म्हणजे पोक्त गृहिणी दिसे. मी हँडलवर चौकड्यांची पट्टी चिकटवली, मागचा चिखल अडवणारा रबर कापला आणि मागे लावलेली स्टेपनी काढून माळ्यावर टाकली. मागची बाजू एकदम सुटसुटीत दिसायला लागली. अण्णांनी पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "लांब जाणार असलास तर लावून जा."

त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी यवतेश्वरच्या घाटाने वर गेलो. सातला परत येतो असं सांगितलं होतं. उतरताना मागचं चाक बसलं. स्टेपनी माळ्यावर. भर पावसात गाडी ढकलत मी घाट उतरलो. तेवढ्यात घरी कोल्हापूरहून तार आली होती. अण्णांचे थोरले भाऊ, आमचे दादाकाका, अत्यवस्थ होते. अण्णा पिशवी भरून दारात बसले, कारण मुलगा सातला स्कूटर घेऊन येणार होता. साडेआठपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग चालत स्टँडवर गेले. त्या रात्रीची शेवटची गाडी निघून गेली होती. ते पहाटेच्या गाडीने गेले. दादाकाका त्याच्या तासभर आधी गेले होते.

तेराव्यानंतर अण्णा परतले. त्यांनी माळ्यावर चढून स्टेपनी काढली, पुसली आणि स्वतः गाडीला बसवली. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढेही कधी नाही.

तेव्हापासून गाडीच्या रूपाची मला भीती बसली. पण स्कूटरचा पुढचा इतिहास वाचताना लक्षात आलं, की गाडीतून काही काढणं हाच मुळात गुन्हा नाही. त्याच १९८४ साली कायनेटिक आणि जपानची होंडा एकत्र आले आणि कायनेटिक होंडा निघाली. तिच्यातून त्यांनी गिअर आणि क्लच काढला. आतला पट्टा वेगाप्रमाणे आपोआप सरकतो, म्हणजे ॲक्सिलरेटर पिळायचा आणि ब्रेक दाबायचा, इतकंच. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याची कटकट काढली, कारण ऑइलची टाकी वेगळी दिली. बटण दाबून गाडी सुरू होऊ लागली. या काढण्याने कितीतरी माणसं, विशेषतः बायका, पहिल्यांदा हँडलमागे बसल्या. चेतक तिरकी करून, मग किका मारून सुरू करण्याची कसरत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा फरक सांगायला नको.

मग २००१ साली होंडाची ॲक्टिव्हा आली. फोर स्ट्रोक इंजिन, पत्र्याची बॉडी, आणि पंक्चर झाल्यावर हवा लगेच जाऊ न देणारी ट्यूब. स्टेपनी गेली, पण तिच्या जागी काहीतरी दिलं गेलं. तिच्यापाठोपाठ आली डिओ. इंजिन तेच, सांगाडा तोच, चेहरा मात्र वेगळा. दिवा हँडलवरून खाली आणला, अंग प्लास्टिकचं आणि धारदार केलं. ॲक्टिव्हा घरातल्या सगळ्यांची, डिओ कॉलेजातल्या पोरांची. व्हेस्पाच्या खोट्या टाकीची ही नातच म्हणायची. पण या नातीने वापरातलं काही कमी केलं नव्हतं.

त्या काळात सगळे म्हणत होते की स्कूटरचे दिवस संपले, आता मोटरसायकल. खुद्द बजाजने २००९ साली स्कूटरमधून बाहेर पडायचं ठरवलं. चेतक हे नाव २०२० साली विजेवर चालणारी गाडी होऊन परत आलं. पण स्कूटर संपली नाही, उलट तरुण झाली. २०१६ साली पिआज्जिओने आपल्या बारामतीच्या कारखान्यातून एप्रिलिया एसआर १५० बाहेर काढली. मोठी १४ इंची चाकं, पुढे डिस्क ब्रेक, रेसच्या गाडीचे रंग. २०१८ साली टीव्हीएसची एनटॉर्क आली. पोन्तेदेराहून निघालेला सोस असा थेट बारामतीला पोचला!

हे सगळं आठवल्यावर भाचीला सांगायचं वाक्य मी बदललं. म्हटलं, "तुला हवी तशी दिसणारी गाडी घेऊ. फक्त प्रत्येक गाडीपुढे उभं राहून एक प्रश्न विचारायचा. ही अशी दिसावी म्हणून हिच्यातून काय काढलंय?"

नवी गाडी बजेटच्या बाहेर जात होती, म्हणून आम्ही वापरलेल्या गाड्या पाहायला लागलो. सीटखाली हेल्मेट मावतं का? पाय ठेवायची जागा सपाट आहे का, की भाजीची पिशवीही राहणार नाही? मागे बसणाऱ्याला धरायला दांडी आहे का? मागच्या चाकाला ओढणी अडकू नये म्हणून जाळी आहे का? बॅटरी बसली तर किक आहे का? १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना, एबीएस नसेल तर, एक ब्रेक दाबल्यावर दोन्ही चाकांना लागणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणून गाडी त्यानंतरची आहे का, हेही पाहिलं. शिवाय आरसी बुकावर बँकेचा बोजा शिल्लक नाही ना, विमा चालू आहे ना, आणि आतला पट्टा कधी बदलला, याची चौकशी केली.

तिसऱ्या दिवशी एका मुलाची गाडी पाहिली. तिला हवी होती तशीच, काळी-लाल. सायलेन्सर बदललेला, मागचं मडगार्ड कापलेलं. किंमतही आमच्या आवाक्यातली. मी गप्प उभा राहिलो. भाची गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि म्हणाली, "मामा, हिचे आरसे कुठे गेले?" मुलगा म्हणाला, "आरशांनी लुक जातो, ताई." ती परत माझ्याकडे वळली. "चल मामा, दुसरी बघू."

दुसरी आठवड्याने मिळाली. डिओच, लाल आणि राखाडी, सगळ्या अंगांनी पूर्ण, ट्यूबलेस टायरची. उरलेल्या पैशांत आयएसआय मार्कचं हेल्मेट आलं. तेही तिने लाल पट्ट्यांचंच निवडलं. अठरा पूर्ण झाल्याने लायसन्सही रीतसर निघालं. अठराच्या आतल्या मुलांच्या हाती गाडी देणाऱ्या आईवडिलांनी मात्र २०१९ ची कायद्यातली दुरुस्ती वाचावी. मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला पंचवीस हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते.

गाडी घरी आली त्या दिवशी माझ्या बायकोने तिला हळदकुंकू लावलं. भाची पोर्चच्या कोपऱ्यात जागा करत होती. तिथे एक जुनं चाक भिंतीला टेकून उभं आहे. रबराला भेगा पडल्यात. प्रिया भंगारात गेली तेव्हा मी तेवढंच ठेवून घेतलं होतं.

"मामा, हे कशाचं चाक?"

मग मी तिला घाट सांगितला, पाऊस सांगितला, दारात पिशवी घेऊन बसलेले अण्णा सांगितले. घरात हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, माझ्या बहिणीलाही नाही. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "हे आधीच का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "आधी सांगितलं असतं, तर तू गाडी माझ्यासाठी निवडली असतीस."

तिने ते चाक उचलून थोडं बाजूला ठेवलं आणि आपली गाडी त्याच्या शेजारी लावली.