अपयश आपल्या अंगावर घेणारा शिक्षक : प्रा. सतीश धवन



निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यातून दोनच प्रश्न ऐकू येतात. मूल पास झाले तर ‘कोणाचे हो हे?’ आणि नापास झाले तर ‘चूक कोणाची?’ या दोन प्रश्नांना एका थोर शिक्षकाने आपल्या वागण्यातून जे उत्तर दिले, ते आज आपणांस सांगावयाचे आहे.

सतीश धवन यांचा जन्म २५ सप्टेंबर १९२० रोजी श्रीनगर येथे झाला. लाहोरच्या पंजाब विद्यापीठातून त्यांनी गणित व पदार्थविज्ञान घेऊन बी. ए. केले, इंग्रजी साहित्यात एम. ए. केले आणि १९४५ साली मेकॅनिकल इंजिनिअरची पदवीही मिळविली. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असे आपल्यापैकी कोणीही म्हटले असते! परंतु त्यांचे हे शिक्षण वाया गेले नाही. पुढे अमेरिकेत, प्रथम मिनेसोटा व नंतर कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे, त्यांनी विमानशास्त्राचा अभ्यास केला. वेगाने वाहणारी हवा पृष्ठभागाला किती घासते हे प्रत्यक्ष मोजण्याचे अवघड काम त्यांनी प्रा. लीपमन यांच्या हाताखाली केले आणि १९५१ मध्ये पीएच. डी. मिळविली.

त्याच वर्षी ते बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये रुजू झाले. ध्वनीहून अधिक वेगाच्या हवेचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी तेथे वाऱ्याचा बोगदा उभारला. १९५५ मध्ये ते विमानशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, संस्थेचे संचालक झाले.

डिसेंबर १९७१ मध्ये डॉ. विक्रम साराभाई यांचे निधन झाले. अवकाश संशोधनाची धुरा धवनांनी घ्यावी अशी पंतप्रधान इंदिरा गांधी यांची इच्छा होती. धवनांनी दोन अटी घातल्या : मुख्यालय बंगलोरला असावे आणि आपली संस्था आपल्याला सोडावी लागू नये. एवढा मोठा मान मिळत असतानाही या माणसाला आपली शिक्षणसंस्था सोडवेना, हे लक्षात घ्या.

उपग्रह सोडणारे पहिले भारतीय रॉकेट, एस. एल. व्ही.-३, तयार करण्याचे काम ज्यांच्याकडे होते, ते होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. रामेश्वरमच्या एका साध्या घरातला हा मुलगा. मद्रासला विमानशास्त्र शिकण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा बहीण जोहरा यांनी आपल्या सोन्याच्या बांगड्या व साखळी गहाण ठेवली होती.

१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून रॉकेट उडाले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत बिघाड झाला आणि सात वर्षांची मेहनत बंगालच्या उपसागरात बुडाली. उड्डाणापूर्वी संगणकाने थांबण्याचा इशारा दिला होता, तो बाजूस सारून पुढे जाण्याचा निर्णय आपलाच होता, हे कलामांनी पुढे अनेक सभांतून मोकळेपणाने सांगितले. त्या दिवशी पत्रकार वाट पाहत होते. परंतु धवनांनी कलामांना पुढे केले नाही. ते स्वतः सामोरे गेले, अपयशाची जबाबदारी आपल्याकडे घेतली आणि माझे सहकारी पुढच्या खेपेस यशस्वी होतील अशी ग्वाही दिली.

१८ जुलै १९८० रोजी तेच रॉकेट रोहिणी उपग्रहाला कक्षेत घेऊन गेले. पत्रकार पुन्हा जमले. या वेळी धवन मागे राहिले आणि कलामांना म्हणाले, आज तुम्ही बोला.

धवन १९८१ पर्यंत संस्थेचे संचालक आणि १९८४ पर्यंत अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष होते. पुढे त्यांनी पक्ष्यांच्या उड्डाणावर एक पुस्तकही लिहिले. ३ जानेवारी २००२ रोजी ते निवर्तले. श्रीहरिकोट्याच्या केंद्राला आज त्यांचे नाव आहे. त्यांचे सहकारी कलाम त्याच वर्षी राष्ट्रपती झाले.

पालकहो, बांगड्या गहाण ठेवणारी माणसे आपल्या समाजात आजही आहेत. त्यांना आमचा सलाम. परंतु पैशाइतकीच गरज असते ती मूल पडेल त्या दिवशी त्याच्यापुढे उभे राहणाऱ्या माणसाची. गणितात नापास झालेल्या मुलाला गॅरेजात किंवा दुकानात बसविण्यापूर्वी, आणि मुलीची शाळा सोडविण्यापूर्वी, १० ऑगस्ट १९७९ हा दिवस आठवा. दुसरे उड्डाण व्हायला एक वर्षही लागले नाही. आपल्या मुलांना आपण तेवढी मुदत देणार ना?