तळटीप ३ : ‘रक्त सुधारलं, पोट नाही’

३. लेखकाची ही तक्रार म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. आतड्याच्या अस्तरात सीडी४ या प्रतिकारपेशींची दाट वस्ती असते आणि एचआयव्हीला आत शिरायला लागणारी सीसीआर५ ही कडी त्यांतल्या बहुतेकींवर असते. लागणीनंतर काही आठवड्यांतच तिथे त्यांचा फडशा पडतो. रक्ततपासणीत तेवढी घट दिसत नाही. एसआयव्ही या भाऊबंद विषाणूची लागण झालेल्या माकडांत हे १९९८ सालीच आढळले होते. अस्तराची राखण करणाऱ्या टीएच१७ पेशी घटल्या की जिवाणूंचे अंश रक्तात पाझरतात, शरीर आतून धुमसत राहते. औषधांनी रक्तातला सीडी४चा आकडा चढतो. आतडे मागे रेंगाळते. हस्तलिखितात इथे ‘आव’ आहे, ‘जुलाब’ नव्हे; तो शब्द तसाच ठेवला आहे. — सं.