टायपोस्क्वॉटिंग म्हणजे काय? एक हायफन चुकला आणि पासवर्ड गेले!

कोणतंही ॲप कुणी शून्यापासून लिहीत नाही. बरीचशी कामं इतरांनी लिहून मोफत ठेवलेल्या कोडवर भागवली जातात. या तयार कोडला पॅकेज म्हणतात. जावास्क्रिप्टची पॅकेजेस एनपीएमवर मिळतात, तर पायथॉनची पायपीआयवर. तिथे कुणीही खातं उघडून पॅकेज टाकू शकतं. भामटे याचाच फायदा घेतात आणि प्रसिद्ध पॅकेजच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन बसतात. यालाच टायपोस्क्वॉटिंग म्हणतात.

नेमकं काय घडतं?

२०१७ मध्ये एनपीएमवर ‘क्रॉसएन्व्ह’ नावाचं पॅकेज सापडलं. खऱ्या पॅकेजचं नाव होतं ‘क्रॉस-एन्व्ह’. फरक फक्त एका हायफनचा! बनावट पॅकेज खऱ्यालाही सोबत आणत असे, त्यामुळे काम सुरळीत चाले आणि संशय येत नसे. मात्र इन्स्टॉल होतानाच ते कॉम्प्युटरमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स चोराकडे पाठवत असे. अनेक डेव्हलपर सर्व्हरचे पासवर्ड आणि गुप्त की यातच ठेवतात.

२०१९ मध्ये पायपीआयवर ‘जेलीफिश’ या पॅकेजची नक्कल सापडली. तिच्या इंग्रजी नावात स्मॉल ‘एल’च्या जागी कॅपिटल ‘आय’ होता. डोळ्यांना फरक कळणं जवळपास अशक्य. ही नक्कल सुमारे वर्षभर तिथे पडून होती.

मी डेव्हलपर नाही, मला काय त्याचं?

चोरीला गेलेली की ज्या सर्व्हरची असते, त्यावर तुमचा मोबाईल नंबर, पत्ता किंवा ऑर्डरची माहिती असू शकते. चूक डेव्हलपरची, फटका ग्राहकाला.

उपाय काय झाले?

फक्त हायफन किंवा टिंबाचा फरक असलेली नवी नावं एनपीएमने २०१७ च्या अखेरीस बंद केली. मार्च २०२४ मध्ये बनावट पॅकेजेसचा पूर आल्यावर पायपीआयने नवी नोंदणी काही तास थांबवली होती.

आता यात एआयची भर पडली आहे. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवतो. तेच नाव कुणी आधी नोंदवून ठेवलं, तर सापळा तयार!

कोड लिहिताना हे पाहा

- नाव हाताने टाइप करू नका, मूळ प्रकल्पाच्या पानावरून कॉपी करा.
- पॅकेज कधी आलं, कुणी टाकलं आणि किती जण वापरतात ते तपासा.
- चुकीचं पॅकेज इन्स्टॉल झालंच, तर ते नुसतं काढून भागत नाही. सगळे पासवर्ड आणि की लगेच बदला.