मचव्यावरची बॅटरी आणि चावडीवरचा रेडिओ



तिसगावात उभे राहून मासेमारीच्या नावेवरील बॅटरीविषयी बोलणे श्रोत्यांना थोडे विचित्र वाटेल, याची आम्हांस कल्पना आहे. समुद्र आपल्यापासून सह्याद्रीच्या पलीकडे. पाथर्डी तालुक्यात पाण्याचे भय वाटते ते आटण्याचे, बुडण्याचे भय आपल्यापैकी फारच थोड्यांनी अनुभवले असेल. विषय जाहीर झाल्यावर एका स्नेह्यांनी आम्हांस विचारलेही की, "अहो, मढीच्या यात्रेला जाणाऱ्या माणसांना मचव्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे की, ज्या घरापर्यंत विजेची तार पोहोचलेली नाही अशा घराचा इतिहास आपण आणि कोळी बांधव सारखाच जगलो आहोत. आपल्या खेड्यांना ती तार पुष्कळ उशिरा मिळाली. दर्यातल्या नावेला ती कधीच मिळणार नाही. तार नाही तेथे वीज पेटीत भरून न्यावी लागते, आणि त्या पेटीची निगा कोणी राखायची हा प्रश्न लगेच उभा राहतो. आज आम्ही बोलणार आहोत तो या निगेविषयी.

पेटीचा जन्म पाहू. इटलीतील व्होल्टा याने 1800 साली जस्त व तांबे यांच्या चकत्या एकावर एक रचून, मधे खारट पाण्यात भिजविलेले पुठ्ठे घालून, अखंड वाहणारी वीज प्रथम मिळविली. पण तो घट एकदा संपला की संपला. वापरून रिकामा झालेला घट पुन्हा भरता येतो, हे दाखविले ते फ्रान्समधील गास्ताँ प्लाँते याने, 1859 साली. शिशाचे दोन पत्रे, मधे कापड, आणि भोवती पातळ गंधकाम्ल, एवढेच त्याचे साहित्य. मात्र ते पत्रे नीट 'पिकण्यासाठी' महिनोन् महिने भरावे आणि रिकामे करावे लागत. 1881 मध्ये कामीय फोर या दुसऱ्या फ्रेंच गृहस्थाने पत्र्यांवर शिशाच्या भस्माचा लेप देण्याची युक्ती काढली आणि हा वेळ वाचला. त्याच वर्षी फोरचे भरलेले घट एका पेटीत घालून पॅरिसहून ग्लासगोला, पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम टॉमसन यांच्याकडे पाठविण्यात आले. धान्याच्या पोत्यासारखी वीज एका देशातून दुसऱ्या देशात गेली, याचे त्या काळी लोकांना केवढे नवल वाटले असेल!

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. 1956च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत, युनेस्कोच्या साहाय्याने, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून एक मोठा प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोनदा, एकंदर वीस कार्यक्रम झाले. गावातील शेतकऱ्यांच्या गटाने रेडिओभोवती बसून ऐकावे, मग आपसांत चर्चा करावी, आणि पडलेले प्रश्न केंद्राला लिहून कळवावेत, अशी योजना होती. आकाशवाणीचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर आणि समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी या प्रयोगाचा वृत्तान्त लिहिला, तो युनेस्कोने 1959 साली प्रसिद्ध केला. शेतकरी नुसता ऐकून घेत नाही, त्याला बोलायचेही असते, ही गोष्ट या प्रयोगाने जगापुढे मांडली. आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा त्यात वाटा होता, याचा आपल्याला अभिमान वाटावा.

परंतु त्या चावडीवर रेडिओ बोलत होता तो कशावर? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले 1960 साली, आणि खेडोपाडी खांब पोहोचले ते त्यापुढील वीसपंचवीस वर्षांत. तोवर बहुतेक गावांतील संच बॅटरीवर चालत. व्हॉल्व्हच्या रेडिओची भूकही मोठी असे. व्हॉल्व्हच्या आतील तारा तापविण्यासाठी दीड-दोन व्होल्टचा एक घट, आणि मुख्य कामासाठी सुक्या घटांचा नव्वद व्होल्टचा वेगळा गठ्ठा. सुका गठ्ठा संपला की टाकून द्यावा लागे. शिशाचा घट असेल तर तो मोठ्या गावी नेऊन भरून आणावा लागे. नेताना आम्ल सांडले तर धोतराला भोके, आणि विसरून तसाच ठेवला तर पत्रे खराब. कार्यक्रम कितीही चांगला असो, ऐन वेळी संच गप्प झाला की मंडळी उठून घरी जात. इतिहास लिहिणारे भाषणांची नोंद ठेवतात, पण घट डोक्यावरून वाहून भरून आणणाऱ्या माणसाची नोंद कोठेच सापडत नाही. आमची ही तक्रार जुनी आहे.

येथे स्वतःची एक फजिती सांगून टाकतो. आमच्या घरी जुनी जीपगाडी होती. बॅटरीतील पाणी उतरले तेव्हा डिस्टिल वॉटर आणायला नगरला कोण जाणार, म्हणून आम्ही विहिरीचे पाणी गाळून ओतले. आपल्या विहिरींचे पाणी कसे असते ते आपण जाणताच. तांब्याच्या हंड्याला वर्षात पांढरा थर चढतो. पाणी उडून जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात, ही साधी गोष्ट हंडा आम्हांस रोज सांगत होता. बॅटरीपाशी मात्र ती आठवली नाही. काही महिन्यांनी गाडी सेल्फ घेईना, आणि पुढे कित्येक दिवस शेजारची मुले आमच्या गाडीला धक्का मारीत होती. फार झाले तर आम्हांस पायी जावे लागले. हीच चूक मचव्यावर झाली तर काय होते, हा विचार पुढे कोकणात गेल्यावर मनात आला, आणि या व्याख्यानाचे बीज तेच.

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मचवे शिडावर आणि वल्ह्यावर चालत. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याने नावांवर एंजिने बसविण्यास कर्ज व साहाय्य देण्यास आरंभ केला. या बाबतीत पुढाकार घेणाऱ्या गावांत सातपाटीचे नाव आदराने घेतले जाते. आरंभीची लहान एंजिने हँडल मारून सुरू होत. त्यांना बॅटरी लागत नसे, खलाशाचा दंड पुरे. पुढे एंजिने मोठी झाली, हाताने फिरेनात, तेव्हा सेल्फ आला आणि त्याच्यामागोमाग बॅटरी आली. एकदा ती नावेवर आली म्हटल्यावर दिवे आले, मग बिनतारी संच, मासळीचा थवा दाखविणारे यंत्र, उपग्रहावरून ठिकाण सांगणारे यंत्र, असे बिऱ्हाड वाढत गेले. जे दंडाने होत असे ते सारे एका काळ्या पेटीच्या हवाली झाले.

ही पेटी खर्च कशी होते याविषयी बहुतेकांची समजूत उलटी असते. एंजिन सुरू करताना सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणून बॅटरी तेथेच संपते असे वाटते. हिशेब करून पाहा. तीनशे अँपिअर पाच सेकंद ओढले, तर खर्च अर्धा अँपिअर-तासही होत नाही. उलट नांगर टाकून, एंजिन बंद करून, पंचवीस वॅटचे दोनच दिवे रात्रभर म्हणजे बारा तास ठेवले, तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून पन्नास अँपिअर-तास जातात. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी रिकामी! एका सेल्फपेक्षा शंभराहून अधिक पट. मोठा खर्च दिसतो म्हणून माणूस जपतो, आणि थेंबाथेंबाने गळते तिकडे लक्ष जात नाही. संसारी माणसास हे निराळे सांगायला नको. बरे, दिवे मालवून टाकावेत म्हटले तर तेही करता येत नाही. 1972च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे मासेमारी करणाऱ्या नावेने सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ठरावीक रंगांचे दिवे लावलेच पाहिजेत, आणि मुंबईच्या परिसरात मोठमोठी जहाजे रात्रंदिवस ये-जा करीत असतात. अंधारातील मचवा त्यांना दिसणार कसा?

म्हणून समजदार तांडेल सेल्फसाठी एक आणि दिव्यांसाठी दुसरी अशा दोन बॅटऱ्या ठेवतो, आणि पहिलीला रात्री हात लावू देत नाही. खर्च झालेली वीज एंजिनावरचा अल्टर्नेटर परत भरतो. पूर्वी त्या जागी डायनामो असे. काढले तेवढेच भरून मात्र भागत नाही, दहा-पंधरा टक्के जास्त भरावे लागते. पट्टा सैल असेल तर बॅटरी अर्धपोटी राहते. व्होल्टेज फार चढले तर पाणी उकळल्यासारखे उडून जाते आणि पत्रे उघडे पडतात. बॅटरी कितपत भरली आहे हे आम्लाच्या घनतेवरून कळते. भरलेल्या घटात हायड्रोमीटर 1.250च्या आसपास किंवा वर दाखवितो, रिकाम्यात तो 1.150च्या खाली येतो. वीज देताना गंधकाम्ल पत्र्यांत शिरते आणि मागे पाणी उरते, हेच याचे कारण. पत्र्यांवर जो शिशाचा क्षार बसतो तो ताजा असताना भरणीने विरघळतो. बॅटरी तशीच रिकामी पडून राहिली तर त्याचे कठीण खडे होतात, ते मग काही केल्या हलत नाहीत.

जमिनीवर एवढे सांभाळले की पुरते. समुद्रावर आणखी शत्रू आहेत. खारी हवा तारांच्या टोकांना पांढरीहिरवी बुरशी आणते. ती गरम पाण्याने धुऊन, टोके घट्ट आवळून, वर व्हॅसलीन चोपडावे लागते. नाव हेलकावते, म्हणून पेटी घट्ट बांधलेली हवी. भरताना घटांतून हायड्रोजन वायू निघतो. शंभर भाग हवेत तो चार भाग झाला की एका ठिणगीने भडका उडतो, म्हणून एंजिनघराला वारा हवा आणि विडी बाहेर हवी. सर्वांत भयंकर म्हणजे, खुद्द समुद्राचे पाणी घटात शिरले तर मिठापासून क्लोरीन हा विषारी वायू होतो. पाणबुड्यांतील नाविकांना याचा फार धाक असे. मचवा काही पाणबुडी नव्हे, तरी पेटी तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून वर ठेवायची ती याचसाठी.

एवढ्या साऱ्या सांभाळाचे काम काय, हे 23 जानेवारी 1909 रोजी अटलांटिक महासागरात दिसले. दाट धुक्यात 'रिपब्लिक' या प्रवासी जहाजावर 'फ्लोरिडा' नावाचे इटालियन जहाज येऊन आदळले. एंजिनघरात पाणी भरले, डायनामो थांबला, दिवे गेले. बिनतारी संचावरचा तरुण जॅक बिन्स याने राखीव घटांवर आपला संच चालविला आणि तासन् तास संकटाचा संदेश पाठवीत राहिला. घटांवरचा संदेश दुबळा, फार दूर जाणारा नव्हता, पण किनाऱ्यावरील केंद्राने तो पकडून पुढे पसरविला. 'बाल्टिक' हे जहाज धुक्यात शोध घेत येऊन पोहोचले. काही जण टक्करीतच दगावले होते. बाकीची, दोन्ही जहाजांवरची मिळून दीड हजारांवर माणसे वाचली. 'रिपब्लिक' दुसऱ्या दिवशी बुडाले. बिन्सचे नाव जगभर झाले आणि ते योग्यच झाले. मात्र तत्पूर्वी कोणीतरी ते राखीव घट भरून ठेवले होते, हे आमच्या मनातून जात नाही.

आपल्या किनाऱ्यावर 11 नोव्हेंबर 2009 रोजी 'फयान' वादळ आले. हंगाम ऐन भरात होता, नावा दर्यात होत्या. कोकणातील कित्येक घरांनी त्या दिवशी माणसे गमावली. अशा वेळी किनाऱ्यावरून इशारा निघतो, पण तो मचव्यावर ऐकू येण्यास तेथील संच जिवंत हवा. नावेने स्वतः हाक मारायची, तर त्यासाठीही संचात जीव हवा. आपल्या अवकाश संस्थेने मच्छीमारांसाठी उपग्रहामार्फत संकटाची खूण पाठविणारे यंत्र तयार केले आहे. त्याच्या पोटातही बॅटरीच आहे, आणि बटण दाबण्याची वेळ येईतो ती महिनोन् महिने मुकाट पडून असते. न वापरलेल्या वस्तूची निगा राखणे हे माणसाला सर्वांत जड जाते. चावडीवरचा घट निदान दर आठवड्याला मागणी करीत असे.

बॅटऱ्या आता बाहेरून आणाव्या लागत नाहीत. नगरच्या औद्योगिक वसाहतीतच एक्साइडचा कारखाना आहे. पाणी घालावे न लागणाऱ्या बंद बॅटऱ्या मिळतात, लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या मिळतात, नावांच्या टपांवर सौर पत्रे दिसू लागले आहेत. आपले ऊसतोडीला जाणारे लोक कोपीवर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर दिवा लावतात, मोबाइल भरतात. पेटी बदलली, तरी रिकामी टाकून ठेवली तर मरण्याचा तिचा स्वभाव बव्हंशी तोच राहिला आहे.

कोकणात पावसाळ्यात मासेमारी बंद असते. मचवे ओढून किनाऱ्यावर घेतात, झापांनी शाकारतात, जाळी घरात येतात. बॅटऱ्यांचा खरा घात होतो तो या दिवसांत. उन्हाळ्याच्या शेवटी निम्म्या रिकाम्या झालेल्या बॅटऱ्या तशाच एंजिनघरात राहतात आणि नारळी पौर्णिमेनंतर सेल्फ मारायला जावे तर टक्‌ असा आवाज तेवढा येतो. एका म्हाताऱ्या तांडेलाच्या ओटीवर आम्ही दोन बॅटऱ्या फळकुटावर ठेवलेल्या पाहिल्या. तारा काढलेल्या, टोकांना व्हॅसलीन लावलेले, आणि शेजारी भिंतीवर खडूने तारखांच्या रेघा. दर महिन्याला त्या भरून घेत असल्याचे त्यांनी सांगितले. "मचवा झोपतो, ह्या झोपत नाहीत," असे म्हणून त्यांनी त्या महिन्याची रेघ आमच्यासमोरच ओढली.