रणांगणावरील धर्मगुरु : एका युद्धसेवेचा शोध

युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्यास सेनापतीचा माग काढणें त्या मानानें सोपें असतें. त्याचे हुकूम नोंदलेले असतात, नकाशे जपून ठेवलेले असतात, आणि पुष्कळदां त्याच्या हयातींतच त्याचे चरित्रकार पुढें येतात. परंतु ज्यानें कधीं हुकूम सोडला नाहीं, ज्याच्या हातीं शस्त्र नव्हतें आणि ज्याचें बरेंचसें काम मरणोन्मुख माणसाच्या कानाशीं हलक्या आवाजांत चालत असे, अशा माणसाच्या युद्धसेवेचा पुरावा कोठें शोधावयाचा? सैन्याबरोबर जाणाऱ्या कॅथलिक धर्मगुरूचें चरित्र लिहूं पाहणाऱ्यापुढें प्रथम हाच प्रश्न उभा राहतो. आजच्या भाषणांत त्याचा विचार एका प्रत्यक्ष उदाहरणावरून करावयाचा आहे. तें उदाहरण म्हणजे कोरियाच्या युद्धांत कामास आलेले अमेरिकन धर्मगुरु फादर एमिल कपॉन यांचें.

सैन्यांतील धर्मगुरूची गणना लढवय्यांत होत नाहीं. जिनिव्हा येथील करारांनीं त्यास वैद्यकीय सेवकांप्रमाणें संरक्षण दिलेलें आहे. अमेरिकन सैन्यांत त्यास अधिकाऱ्याचा हुद्दा असतो, परंतु तो शस्त्र बाळगीत नाहीं आणि कोणत्याही तुकडीचें आधिपत्य त्याच्याकडे नसतें. प्रार्थना चालविणें, जखमींस धीर देणें, मृतांचे दफनविधि करणें आणि त्यांच्या घरच्यांस सांत्वनाचीं पत्रें लिहिणें हीं त्याचीं कामें. कॅथलिक धर्मगुरूस याहून आणखी एक कर्तव्य असतें : मृत्यूच्या दारीं असलेल्या सैनिकाचें पापनिवेदन ऐकून त्यास अंतिम संस्कार देणें. या निवेदनांत जें कानीं पडेल तें कोणासही सांगावयाचें नाहीं, असा धर्माचा कडक निर्बंध आहे. म्हणजे त्याच्या कार्याचा जो गाभा तो कागदावर येणेंच शक्य नाहीं. संशोधकानें ही मर्यादा आरंभींच ओळखलेली बरी.

कागदपत्रांवरून जी हकीकत मिळते ती थोडक्यांत अशी. कपॉन यांचा जन्म २० एप्रिल १९१६ रोजीं कान्सास संस्थानांतील पिल्सेन या खेड्याजवळ एका चेक वंशाच्या शेतकरी कुटुंबांत झाला. ९ जून १९४० रोजीं त्यांनीं धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली. १९४४ सालीं ते सैन्यांत दाखल झाले आणि पुढील वर्षीं त्यांची नेमणूक भारत-ब्रह्मदेश आघाडीवर झाली. तेथील दुर्गम मुलखांत दूरदूर विखुरलेल्या तुकड्यांस भेटण्यासाठीं ते जीपगाडीनें आणि विमानानें सतत प्रवास करीत. युद्ध संपल्यावर परत जाऊन त्यांनीं वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठांत एम्. ए. ची पदवी मिळविली. पण १९४८ सालीं ते पुन्हां सैन्यांत आले, आणि जुलै १९५० मध्यें कोरियांत उतरले. त्यांची रेजिमेंट आठव्या घोडदळाची. पण घोडे केव्हांच गेले होते, तें नांवापुरतें घोडदळ, प्रत्यक्ष पायदळ. २ ऑगस्ट १९५० रोजीं कुमचोनजवळ शत्रूच्या गोळीबारांतून त्यांनीं एका जखमी सैनिकास बाहेर काढलें. त्याबद्दल त्यांस मिळालेल्या पदकाची नोंद उपलब्ध आहे. त्याच वर्षीं ७ ऑक्टोबर रोजीं जीपगाडीचें पुढचें झांकण हीच वेदी करून ते उघड्यावर उपासना चालवीत असतांना घेतलेलें छायाचित्रही प्रसिद्ध आहे.

येथवर कागदांची साथ पुरते. पुढें मात्र वाट बिकट होते. या काळांतील कोणत्याही अमेरिकन सैनिकाचा शोध घेणाऱ्यास एका अपघाताची दखल घ्यावी लागते. १२ जुलै १९७३ रोजीं सेंट लुई येथील लष्करी दफ्तरखान्यास आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख इतकीं दप्तरें जळून गेलीं. १९१२ ते १९६० या कालांत भूसैन्यांतून निवृत्त झालेल्यांच्या नोंदींपैकीं सुमारें शेंकडा ८० नोंदी त्यांत नष्ट झाल्या. परंतु आग लागली नसती तरीही कपॉन यांच्या अखेरच्या सात महिन्यांची कथा कोणत्याही दप्तरांत सविस्तर सांपडली नसती. कारण ते महिने त्यांनीं शत्रूच्या बंदिवासांत काढले.

१ नोव्हेंबर १९५० च्या रात्रीं उत्तर कोरियांतील उन्सान येथें चिनी सैन्यानें त्यांच्या रेजिमेंटवर अकस्मात् हल्ला चढविला. तिसऱ्या पलटणीस वेढा पडला आणि ती जवळजवळ नष्ट झाली. ज्यांस चालतां येत होतें त्यांस निसटून जाण्याचा हुकूम झाला. कपॉन मात्र जखमींपाशीं राहिले आणि त्यांच्याबरोबरच पकडले गेले. जखमींत एक चिनी अधिकारीही होता. त्याच्या मध्यस्थीनें त्यांनीं उरलेल्यांची शरणागति सुरक्षितपणें घडवून आणली. त्यानंतर पायाचें हाड मोडून पडलेल्या हर्बर्ट मिलर नांवाच्या सार्जंटावर एक चिनी शिपाई गोळी झाडण्याच्या बेतांत असतांना कपॉन यांनीं त्या शिपायास बाजूस सारलें, मिलर यांस उचललें आणि आपल्याबरोबर नेलें.

यालू नदीच्या कांठीं प्योकटोंग येथील छावणींत त्या हिंवाळ्यांत बंदिवान भुकेनें, थंडीनें आणि हगवणीनें शेंकड्यांनीं मेले. तेथें कपॉन रात्रीं बाहेर पडून धान्य चोरून आणीत, पत्र्याचीं भांडीं ठोकून त्यांत पाणी उकळीत, आजाऱ्यांचे मळके कपडे धूत, आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवून झोंपड्याझोंपड्यांतून प्रार्थना म्हणत. २५ मार्च १९५१ रोजीं ईस्टरच्या दिवशीं त्यांनीं उघडपणें उपासना चालविली. पुढें पायांत रक्ताची गांठ, हगवण आणि न्युमोनिया यांनीं ते खंगले. बंदिवान ज्यास मरणघर म्हणत अशा एका इमारतींत त्यांस नेण्यांत आलें, आणि २३ मे १९५१ रोजीं तेथें त्यांचा अंत झाला. वय अवघें ३५ वर्षांचें.

ही सारी हकीकत सुटून आलेल्या बंदिवानांच्या तोंडून जगास कळली. तेव्हां ती कितपत खरी मानावयाची? मृत साधुपुरुषाभोंवतीं आख्यायिका फार लवकर वाढतात, हा आपल्याकडील संतचरित्रें वाचणारांसही परिचित असा अनुभव आहे. म्हणून साक्षींचें वजन करावें लागतें. मिलर यांची साक्ष ज्याचा प्राण वांचला त्याची, प्रत्यक्षदर्शी आणि नेमकी आहे. मात्र ती एकाच प्रसंगापुरती. बंदिवान अधिकाऱ्यांच्या साक्षी छावणींतील नित्याच्या जीवनाविषयींच्या आहेत. १९५३ च्या उन्हाळ्याअखेर ते सुटले, आणि जानेवारी १९५४ मध्यें त्यांपैकीं एकाचा वृत्तांत 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकांत छापूनही आला. म्हणजे घटना आणि लेखन यांत फार वर्षांचें अंतर पडलेलें नव्हतें, आणि खोटें सांगितल्यास तें खोडून काढणारे सोबती जिवंत होते.

तिसरी साक्ष तर मुकी आहे. जेराल्ड फिंक नांवाचा एक ज्यू वैमानिक कपॉन यांच्या मृत्यूनंतर त्या छावणींत आला. त्यानें त्यांस कधीं पाहिलें नव्हतें. तरी सोबत्यांकडून त्यांच्या गोष्टी ऐकून त्यानें लांकडाचा क्रूस व त्यावरील ख्रिस्तमूर्ति कोरली. सुटकेच्या वेळीं बंदिवानांनीं ती छावणीबाहेर आणली. तो कारागीर कपॉन यांच्या कृत्यांचा साक्षीदार नव्हे, हें संशोधकानें विसरूं नये. पण त्याची कृति एक गोष्ट निर्विवाद सिद्ध करते : कपॉन यांची कीर्ति मागाहून मायदेशीं रचली गेली नाहीं, ती छावणीच्या कुंपणाआंत, परधर्मीय माणसाच्याही मनांत, तेव्हांच रुजलेली होती.

मात्र जी परंपरा माणसाच्या वागणुकीविषयीं विश्वसनीय ठरते, ती प्रत्येक बाबतींत तशी ठरेलच असें नाहीं. कपॉन यांचा देह यालूकांठच्या सामुदायिक दफनांत कायमचा हरवला, अशी समजूत बराच काळ रूढ होती. वस्तुस्थिति निराळी निघाली. शस्त्रसंधीनंतर १९५४ सालीं उभय पक्षांनीं मृतांची देवघेव केली आणि चार हजारांहून अधिक देह परत मिळाले. ज्यांची ओळख पटली नाहीं त्यांस हवाई बेटांतील राष्ट्रीय स्मशानभूमींत पुरण्यांत आलें. २०१८ सालीं मंजूर झालेल्या योजनेनुसार या निनांवी कबरी टप्प्याटप्प्यानें उघडल्या जाऊं लागल्या. दांतांची व अस्थींची तपासणी झाली, नातलगांच्या नमुन्यांशीं आनुवंशिक द्रव्य ताडून पाहिलें गेलें, आणि मार्च २०२१ मध्यें त्यांपैकीं एक देह फादर कपॉन यांचा ठरला. सहा दशकांहून अधिक काळ आप्तांनीं ज्यांस शत्रूच्या मातींत हरवलेले मानलें, ते स्वदेशाच्या ध्वजाखालींच निनांवी पडून होते. २९ सप्टेंबर २०२१ रोजीं विचिटा येथील मुख्य चर्चमध्यें त्यांचें दफन झालें.

त्यापूर्वींच सैन्याचा निर्णय लागला होता. सर्वोच्च शौर्यपदकाची मुदत केव्हांच टळून गेलेली असल्यानें अमेरिकन काँग्रेसला २०११ सालीं कायद्यानें ती अट शिथिल करावी लागली, आणि ११ एप्रिल २०१३ रोजीं तें पदक त्यांच्या पुतण्याच्या स्वाधीन करण्यांत आलें. त्या समारंभास वृद्ध मिलर स्वतः उपस्थित होते. चर्चची चौकशी स्वतंत्रपणें चालली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस 'पूजनीय' ही पदवी देण्यास संमति दिली. सैन्य शौर्य शोधतें, चर्च पावित्र्य शोधतें, प्रयोगशाळा अस्थी ओळखते. इतिहासकाराचा प्रश्न या तिघांहून साधा आहे : या माणसानें काय केलें, आणि तें आपणांस कशावरून कळतें? त्याचें उत्तर देतांना एकाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यांत घालतां येत नाहीं.

कोरियाचें युद्ध आपणांस अगदींच परकें नाहीं. मायदेशीं परतण्यास नाकबूल असलेल्या युद्धबंद्यांच्या रक्षणासाठीं १९५३ सालीं तेथें गेलेल्या भारतीय दळाचे सेनापति मेजर-जनरल थोरात हे महाराष्ट्रीय होते. आपल्या सैन्यांतही पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे धर्मशिक्षक असतात. त्यांच्या सेवेचा पुरावा सरकारी दप्तरांत थोडाच सांपडावयाचा. तो असेल तर त्यांनीं धीर दिलेल्या सैनिकांच्या घरीं, पेटीच्या तळाशीं पडलेल्या पत्रांत आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत असेल. त्या पत्रांवर कोणाचें, कोठलें व केव्हांचें एवढें जरी घरच्यांनीं टिपून ठेवलें, आणि त्या आठवणी सांगणारा जिवंत असतांनाच उतरवून घेतल्या, तरी उद्यांच्या संशोधकाचें निम्में काम होईल. हर्बर्ट मिलर बोलले म्हणून उन्सानच्या वाटेवरचा तो प्रसंग इतिहासांत राहिला. जे परत आलेच नाहींत, त्यांच्यासाठीं फादर कपॉन यांनीं काय केलें असेल, तें सांगणारें आज कोणी नाहीं.