बी कोलन, स्लॅश एस

मे महिन्यातली दुपार, परभणीचा स्टेशन रोड. डांबर इतकं तापलंय की स्लिपर प्रत्येक पावलाला चिकटते आणि चर्र करून सुटते. डोक्यावरचा ओला रुमाल कधीच वाळलाय. रसवंतीची घुंगरं बोलावतायत, पण थांबू नका, तुमची बॅच सुरू झालीय. खाली टाइपरायटरांचा खडखडाट, त्याच्या शेजारून अरुंद जिना. चढा.

चपला बाहेर. पायही झटका, सर धुळीला फार भितात. दार ढकललंत की गार हवा अंगावर येते आणि पाठीवरचा घाम एकदम थंड पडतो. नवं प्लॅस्टिक, दमट सतरंजी आणि डझनभर पोरांचे मोजे, असा मिळून एक वास. "दार कशाला उघडं ठेवायलास? हवा चालली!" सर ओरडतात. हा एसी मशीनसाठी लावलाय, तुमची सोय आपोआप झाली.

एका एक्सटी कॉम्प्युटरपुढे तीन स्टुलं, मधलं तुमचं. हिरव्या अक्षरांचा पडदा, दोन फ्लॉपी ड्राइव्ह. हार्ड डिस्क नाहीच. म्हणजे बटण दाबलं की मशीनला काहीच ठाऊक नसतं; प्रत्येक वेळी फ्लॉपीतून डॉस चढवावं लागतं. सिस्टिम फ्लॉपी मात्र क्लासात मोजक्याच, त्यामुळे निम्मा तास ती हातात येण्याची वाट बघण्यात जातो. म्हणून तर तुम्ही खिशात वहीच्या पानात गुंडाळून स्वतःची फ्लॉपी आणलीय. सव्वापाच इंची, ३६० केबीची. वाकवू नका. त्या लांबट खिडकीतल्या तपकिरी चकतीला बोट तर मुळीच लावू नका.

अशीच स्वतःची सिस्टिम फ्लॉपी बनवायला डावीकडच्या पोरानं काल डॉसची कमांड डॉट कॉम ही फाइल नुसती कॉपी करून बघितली होती. मशीन म्हणालं, 'नॉन-सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर'. बिचारा अजून खट्टू आहे. मला या सगळ्यातली हीच जागा सर्वांत सुंदर वाटते. मशीन सुरू होताना फ्लॉपीचा फक्त पहिला सेक्टर वाचतं, ५१२ बाइट्स. त्यात एक चिमुकला प्रोग्रॅम असतो. तो आयओ डॉट सिस आणि एमएसडॉस डॉट सिस या दोन फाइली शोधतो, त्याही ठरलेल्या जागी, अगदी सुरुवातीला. या दोघी लपलेल्या. डिर मारलंत तरी दिसत नाहीत, साध्या कॉपीच्या हाती लागत नाहीत. त्यांना नेमक्या जागी बसवायला कमांडच वेगळी लागते.

सिस्टिम फ्लॉपी ए मध्ये, तुमची बी मध्ये. खटका फिरवा. आता टाइप करा: फॉरमॅट, स्पेस, बी कोलन, स्पेस, स्लॅश एस. तो एस विसरलात तर फ्लॉपी नुसती कोरी होऊन बसेल. एंटर.

कर्र-कट. कर्र-कट. बी चा लाल दिवा लागतो. पडद्यावर हेड ० आणि १ असं आलटून पालटून, सिलिंडरचा आकडा चढत चाललाय. मागच्या बाकावरची पोरंही माना लांब करून बघायला लागतात. कुणाच्या तरी तोंडाला कांद्याचा वास आहे. सिलिंडर ३१. तेवढ्यात ट्यूबलाइट लुकलुकते, स्टॅबिलायझर खट्ट करतो, एसीचा आवाज खोल जातो. लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून. उजवीकडचा पुटपुटतो, "बनी तो बनी, नहीं तो परभणी!" कुणी हसत नाही. ३२. ३३. एसी पुन्हा घरघरतो आणि आकडा ३९ वर येऊन थांबतो.

'सिस्टिम ट्रान्सफर्ड.'

'फॉरमॅट अनदर?' एन दाबा. तुमची फ्लॉपी बी मधून काढून ए मध्ये घाला. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट, तिन्ही एकदम. पडदा काळा. बीप. ए चा दिवा लागतो, आत काहीतरी खरवडल्यासारखं होतं, आणि डावीकडच्या पोराची बोटं तुमच्या दंडात रुततात.

ओळ उमटते. चढलं! आता कुणाच्या फ्लॉपीची वाट बघायला नको. क्लासातलं कुठलंही रिकामं मशीन तुमचं.

एक्सटीत घड्याळ नाही, त्यामुळे त्याच्या लेखी आज मंगळवार, १ जानेवारी १९८०. ते तुम्हालाच आजची तारीख विचारतंय, आधी महिना, मग दिवस, मग साल. तुम्ही सवयीनं तुमच्याकडचं साल दोन आकड्यांत ठोकता.

'इनव्हॅलिड डेट.'

"अरे, काय टाकायलास?" डावीकडचा कोपरानं ढोसतो. "पंच्याण्णव टाक की!"