निरोध, हातमोजे आणि रबराचा चीक

रबराच्या आधी कंडोम मेंढीच्या आतड्याचे असत. महाग असल्यामुळे ते धुऊन पुन्हा वापरले जात. १८४४ साली चार्ल्स गुडइयरने गंधकाच्या मदतीने रबर टिकाऊ करण्याचं पेटंट घेतलं आणि रबरी कंडोमची वाट मोकळी झाली. पातळ आणि स्वस्त लॅटेक्स कंडोम आले ते १९२०च्या दशकात. त्याच सुमारास, १९२१ साली, र. धों. कर्वे मुंबईत संततिनियमन केंद्र चालवू लागले. १९६८ साली सरकारी ‘निरोध’ आला: १५ पैशांना तीन.

लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यात झाडाची प्रथिनं असतात आणि काहींच्या शरीराला ती सोसत नाहीत. १९७९ साली ब्रिटनमध्ये रबरी हातमोज्यांमुळे पित्त उठलेल्या रुग्णाची नोंद झाली. तेव्हा ती अपवाद वाटली. मग एड्स आला. १९८७ साली अमेरिकेत सूचना निघाली, की प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्य आहे असंच समजा. हातमोज्यांचा खप प्रचंड वाढला. त्यांच्यातल्या पावडरीवर बसून प्रथिनं हवेत पसरू लागली, आणि नर्स-डॉक्टरच आजारी पडू लागले. १९९१मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीबद्दल डॉक्टरांना सावध केलं.

म्हणजे ज्या रोगाने कंडोम अत्यावश्यक केला, त्याच्याच भीतीतून त्याच्या रबराचा हा दोष उघड झाला. पण नर्सला तक्रार करता आली. बेडरूममधली खाज कोण कुणाला सांगणार? ‘मला सूट होत नाही’ म्हणून कंडोमच सोडून दिला जातो.

त्याची गरज नाही. १९९३ साली अमेरिकेत पॉलियुरेथेनच्या स्त्री-कंडोमला मान्यता मिळाली. पुढे पॉलिआयसोप्रीन आलं: रबर तेच, पण कारखान्यात बनवलेलं, झाडाच्या प्रथिनांविना. जुना आतड्याचा कंडोम मात्र पर्याय नाही. तो शुक्रजंतू अडवतो, एचआयव्हीसारखे विषाणू नाही.

खाज वंगणाची किंवा शुक्रजंतुनाशकाचीही असू शकते, तेव्हा आधी ब्रँड बदलून पाहावा. पण फुगा फुगवताना ओठ सुजत असतील, केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंड खाजत असेल, अंगावर पित्त उठत असेल, तर लॅटेक्स बंद करून डॉक्टरांना दाखवावं. दम लागला तर थेट इस्पितळ गाठावं. आणि दात काढायला गेलात, तरी हे आधी सांगावं. तिथेही हातमोजे असतातच.